पोटातली मिरवणूक

मधुमेह म्हटला की लोक माझ्या जिभेकडे संशयाने पाहतात. बिचाऱ्या आतड्याची चौकशी कोणीच करीत नाही! गेली बावीस वर्षे मी हा पाहुणा सांभाळीत आहे. अंगाने मी काटकुळा. काटकुळ्याला साखर कशी, हे कोडे पुण्याच्याच के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बरेचसे उलगडले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचे छायाचित्र आले. उंची-वजनाचा हिशेब दोघांचाही सारखाच. पण चरबी साहेबांच्या अंगात ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांच्या २१.२!

असो. मला सांगायचे आहे ते पोटाचे. जठराचे नि आतड्याचे स्नायू आपला हुकूम मानीत नाहीत. त्यांना ठेका धरून देणाऱ्या खास पेशी असतात. स्पेनचे शास्त्रज्ञ काहाल यांचे नाव त्यांना मिळाले आहे. जठराचा ठेका मिनिटाला सुमारे तीन, लहान आतड्याच्या आरंभी सुमारे बारा. लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीत ताशेवाल्याने हात आखडता घेतला म्हणजे ढोलवाल्यांची जी गत होते, तीच इथे. वर्षानुवर्षे रक्तात साखर वाढलेली राहिली की या पेशी विरळ होतात, मज्जातंतू दुबळे पडतात, स्नायू ताठरतात. मिरवणूक रेंगाळते. कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला रात्री-अपरात्री जुलाब. माझा दुपारचा भात संध्याकाळीही जठरातच मुक्कामाला!

हसण्यावारी न्यावे असे मात्र हे नाही. जेवणाआधी टोचलेले इन्शुलिन वेळेवर कामाला लागते आणि अन्न मागेच राहते. गेल्या नरकचतुर्दशीला फराळानंतर तासाभरात मला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. पोट तुडुंब, अन् रक्तात साखर ५४! भरल्या ताटावरून उठलेला माणूस उपाशी! हिने घाईघाईने ग्लुकोजचे पाणी पाजले. पातळ पदार्थ पुढे लवकर सरकतो, म्हणून निभावले.

घरच्यांनी आधी लाडवांचा डबा उघडून मोजदाद केली. लाडू जागच्या जागी होते. डॉक्टरांनी बोट ठेवले ते चकलीवर. गोड नाही म्हणून चकलीला आपल्याकडे कोणी नावे ठेवीत नाही. पण तेला-तुपाने जठर आणखीच मंदावते.

तेव्हापासून इन्शुलिनची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली आहे आणि माझा फराळ दिवसातून पाच वेळा, चहाच्या बशीत वाढला जातो. हिने पाहुण्यांसाठीही त्याच बशा काढल्या आहेत. परगावचे पाहुणे त्या बशीकडे पाहून एकमेकांना ‘पुणे!’ अशी खूण करतात. मी त्यांचा समज दूर करीत नाही.