एक जून

शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. पडवीच्या तुळईला तारेनं टांगलेला, हातभर लांब. आमच्या माण तालुक्यात रेल्वे नाही. चौथीपर्यंत मी पाहिलेली रेल्वे तेवढीच. गुरुजींनी एकदा सगळ्या वर्गाला त्याच्याभोवती उभं केलं. हे डोकं, ही कंबर, हा पाय. उन्हानं लोखंड वाढतं म्हणून दोन रुळांत फट सोडतात. मग त्या तापलेल्या लोखंडाला एकेकाला हात लावायला लावला. पुढं कितीतरी वर्षांनी आगगाडीत बसलो, तेव्हा खालचा खडखडाट कशाचा ते मला आधीच माहीत होतं. शाळेत आता विजेची घंटा आहे.

लाकडी फळा. वर्षातून दोनदा पांढुरका पडायचा. जुन्या सेलमधली काळी पूड, कोळसा आणि मिळेल तो हिरवा पाला पाट्यावर वाटून शनिवारी शाळा सुटल्यावर तो घोटायचा. गुरुजी बाह्या दुमडून आमच्यात.

त्याच फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोज वार, तारीख, पट, हजर. पट ३४, हजर २७. उरलेल्या सातांच्या घरी गुरुजी संध्याकाळी सायकलवरून जात. एका सुगीत त्या सातांत मी होतो, शेळ्यांमागं. ओट्यावर बसून गुरुजी वडिलांशी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. चहा झाला, सायकल गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या शेळ्या चुलत्यांच्या कळपात होत्या आणि मी पटाच्या खाली, हजरमध्ये.

दगडी पाटी. थुंकीनं पुसायची नाही, हा बाईंचा नियम. प्रत्येकाच्या दप्तराला ओली चिंधी बांधलेली. दसऱ्याला बाई पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून देत. ज्याला जमत नसे त्याचा हात हातात धरून. त्यांच्या बांगड्या पाटीच्या चौकटीवर वाजत.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. १९५७ साली दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांच्या हिशेबासाठी लागणारे हे पाढे मागं पडले. माझ्या वेळेपर्यंत त्यांची कुणी सक्ती करत नव्हतं. गुरुजी मात्र शाळा सुटायच्या आधी परवचा म्हणवून घेतच. आजही कापडाच्या दुकानात १२० रुपये मीटरचं साडेतीन मीटर घेतलं, की बारा औटके बेचाळीस हे दुकानदाराच्या बोटांआधी माझ्या ओठांवर येतं: ४२० रुपये. मी हिशेब करत नाही. तो झालेला असतो, १९७९ साली, मांडी घालून, पुढंमागं डोलत.

संख्यांची नावंही अशीच शिकलो. एकोण म्हणजे एक उणा. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही, असं मी विचारलं. गुरुजी थांबले, हसले आणि म्हणाले, ‘‘चांगलं विचारलंस. मलाही शोधायला पाहिजे.’’ मोठ्या माणसानं ‘मला ठाऊक नाही’ म्हणावं, हे मी तोवर ऐकलं नव्हतं. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकातल्या ‘पन्नास तीन’, ‘साठ दोन’ अशा वाचनावरून राज्यभर वाद झाला. जोडाक्षरांत अडखळणाऱ्या मुलांची अडचण मला समजते आणि त्यांना हसणारे मला आवडले नाहीत. तरी त्रेपन्न, बासष्ट हे शब्द जिभेवरून जाऊ नयेत असं वाटतं. ते माझ्या जिभेवर कुणीतरी कष्टानं बसवलेत.

पत्र्याची ट्रंक. हेच वाचनालय. किल्ली बाईंच्या कमरेला. आत साठेक पुस्तकं आणि ‘किशोर’चे अंक. बालभारतीनं १९७१ साली हे मासिक सुरू केलं; आमच्याकडं ते बाइंडिंग करून जपलेलं असे. शनिवारी शेवटच्या तासाला बाई त्यातलं वाचत आणि ऐन रंगात आलं की अंक मिटून माझ्याकडं देत. ‘‘उरलेलं तू वाचून ये आणि सोमवारी सगळ्यांना सांग.’’ रविवारभर मी ते कुणाला सांगितलं नाही.

छडी. गेली ते फार चांगलं झालं.

मुक्कामी गुरुजी. शाळेच्याच मागच्या खोलीत राहत. एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर दोन धोतरं. चौथीच्या स्कॉलरशिपला बसलेले आम्ही पाच जण रात्री तिथंच अभ्यासाला आणि झोपायला. कंदिलाची काच राखेनं पुसायची पाळी रोज एकाची. आम्ही झोपल्यावर गुरुजी वात कमी करून पेपर तपासत. मध्येच जाग आली तर भिंतीवर त्यांची सावली दिसे, आणि पुन्हा झोप लागे. परीक्षेला दहिवडीला एसटीनं नेलं. पाचही तिकिटं त्यांनी काढली. ते पैसे कुणी परत दिल्याचं मला आठवत नाही. आता शिक्षक तालुक्याहून मोटारसायकलीनं येतात. त्यांच्या लेकरांच्या शाळा तिकडं आहेत. त्यांना बोल लावायचा नाही. पण रात्री शाळेत उजेड नसतो.

आणि एक जून.

वर्गातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख तीच. आईला माझ्या जन्माचा पाऊस आठवत होता, साल नाही. ‘‘मोठ्या दुष्काळात चालायला लागला होता,’’ एवढंच ती म्हणाली. गुरुजींनी मला जवळ ओढलं, माझा उजवा हात डोक्यावरून पलीकडं नेला. बोटं डाव्या कानाला जेमतेम टेकली. शाळा जूनमध्ये भरते. वय जूनला पुरं व्हावं, म्हणून एक जून. आता मूल दवाखान्यात जन्मतं आणि तारखेसोबत मिनिटंही लिहिली जातात. माझी मात्र नोकरी, पासपोर्ट, मुलांनी आणलेला केक, सगळं गुरुजींनी दिलेल्या तारखेवर चालतं.

मागच्या वर्षी दाखल्याची नक्कल आणायला शाळेत गेलो. बाई आणि गुरुजी दोघंही आता नाहीत. मुख्याध्यापकांनी जुनं जनरल रजिस्टर माझ्यापुढं उघडून ठेवलं. पानं पिवळी, कडा वाळवीनं खाल्लेल्या. माझ्या नावापुढं टाकानं, अक्षरी लिहिलेलं: एक जून एकोणीसशे सत्तर. अक्षर सरळ, एका रेषेत. फक्त ‘एकोणीसशे’च्या पुढं शाईचा ठिपका जरा मोठा पडला आहे. तिथं गुरुजींचा टाक थांबला असावा, त्यांनी वर माझ्याकडं पाहिलं असावं, आणि मग ‘सत्तर’ लिहिलं असावं.