मोजायचं की मापायचं

इंग्रजी अहवाल आणि प्रबंध तपासून देणं हा माझा व्यवसाय. लिहिणारे बहुतेक मराठी. शेतीचे, पाण्याचे, आरोग्याचे अभ्यासक. त्यांच्या मजकुरात ‘इक्विपमेंट्स’, ‘इन्फर्मेशन्स’, ‘अ‍ॅडव्हाइसेस’ हमखास भेटतात. शेवटचा एस खोडायला क्षणही लागत नाही. तो तिथे आला कुठून, ते मात्र बघण्यासारखं असतं.

आपल्याकडे तांदूळ निवडले जातात, केस गळतात, पैसे संपतात. तिन्ही अनेकवचनी. इंग्रजीत राइस, हेअर, मनी ही ढिगाची नामं. त्यांना ‘मेनी’ चालत नाही, ‘मच’ लागतं. आपला ‘किती’ दोन्हीकडे बिनतक्रार जातो, त्यामुळे हा फरक आपल्या कानाला जाणवतच नाही. आणि पैशाइतकं दुसरं काय मोजलं जातं जगात? पण इंग्रजी नोटा मोजते, नाणी मोजते, मनी मोजत नाही. भाषेनं वस्तू सुटी पाहिली की एकगठ्ठा, एवढाच हा मामला. वाटाण्याचं तर फारच गमतीचं. पूर्वी ‘पीज’ हा एकगठ्ठा शब्द होता. त्याच्या शेवटचा उच्चार अनेकवचनासारखा वाटला, म्हणून सतराव्या शतकात लोकांनी तो सोलून ‘पी’ हा एकटा दाणा बाहेर काढला. तांदळाच्या नशिबी ते आलं नाही.

लेस आणि फ्यूअर हा सगळ्यांचा लाडका नियम. मोजता येतं त्याला फ्यूअर, बाकीच्याला लेस. परीक्षक पाळतात म्हणून मीही पाळते, पण त्याला वेदवाक्य मानत नाही. 1770 साली रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रज लेखकानं संख्येबरोबर फ्यूअर अधिक शोभतं, असं आपलं मत मांडलं; पुढच्यांनी त्याचा कायदा केला. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडच्या गद्यात मोजत्या नामाशी लेस सुखानं नांदतो. तेव्हा ते नाम षष्ठीत असे, ‘शब्दांमधलं कमी’ अशा धाटणीचं. षष्ठीचे प्रत्यय झिजले, लेस तिथेच राहिला. 2008 मध्ये ब्रिटनमधल्या टेस्कोनं गल्ल्यावरची ‘10 आयटम्स ऑर लेस’ ही वादातली पाटी बदलून ‘अप टू 10 आयटम्स’ केली. व्याकरणात न पडता सुटका! मला ती युक्ती आवडते, अधूनमधून वापरतेही.

नियम नको तितका अंगात मुरला की वेगळाच त्रास. ‘फ्यूअर दॅन 500 मिलिमीटर्स ऑफ रेन’ असं दुष्काळी तालुक्यांच्या अहवालात मी वाचलं आहे. पाऊस मिलिमीटर-मिलिमीटर सुटा पडत नाही. 500 मिलिमीटर हे एक माप आहे, तिथे लेसच हवा. अंतर, वजन, रुपये, वर्षं यांचंही बहुतेक वेळा तसंच.

लेस-फ्यूअर चुकलं तर परीक्षक नाक मुरडेल, इतकंच. खरी जोखीम ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांच्यात आहे. ‘अ फ्यू विमेन’ म्हणजे काही बायका आल्या. तो ‘अ’ गळला की अर्थ होतो, बायका फारशा आल्याच नाहीत. विहिरीत ‘अ लिटल वॉटर’ असेल तर थोडं का होईना पाणी आहे. नुसतं ‘लिटल’ असेल तर टँकर बोलवा. आपल्याला ‘अ’ गाळायची सवय, आणि दोन्ही वाक्यं व्याकरणात चोख, त्यामुळे संगणकही लाल रेघ मारत नाही. इथे माझी लेखणी थांबते आणि मी फोन उचलते.

“अहो, ग्रामसभेला बायका आल्या होत्या की नव्हत्या?”

“आल्या होत्या ना, सात-आठ जणी. पण मागे बसून होत्या. बोललं कुणीच नाही.”

मग ‘अ’ घातला, आणि मागे बसण्याचं एक वाक्य त्यांच्याकडून लिहून घेतलं.