जुन्या लॅपटॉपचा हिशेब

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात आले की अडत पेढ्यांवर मान वर करायला फुरसत नसते. २०२४ च्या मार्चमध्ये अशाच एका पेढीवर एक लहानशी चूक घडली. फेब्रुवारीचे जीएसटीआर-३बी विवरणपत्र २० मार्चऐवजी २२ मार्चला भरले गेले. विलंबशुल्क दिवसाला ५० रुपयांप्रमाणे १०० रुपये आणि थोडेसे व्याज. रक्कम किरकोळ होती. पण दिवाणजींच्या ३१ वर्षांच्या सेवेत मुदत चुकण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

पेढीचे मालक अण्णा सत्तरीकडे झुकलेले. कारभार हळूहळू मुलाच्या हाती जात होता. रात्री जेवताना मुलगा म्हणाला, “अण्णा, दिवाणजीकाका आता थकलेत. एका बिलाला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. नवा लॅपटॉप घेऊ, ५५ हजारांपर्यंत येईल. आणि त्यावर बसायला एखादा तरुण मुलगाही ठेवू.”

अण्णांनी लगेच उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजी स्वतःच त्यांच्यापुढे आले. किल्ल्यांचा जुडगा गादीवर ठेवून म्हणाले, “मालक, मार्चअखेर पार पाडतो. पुढे मला मोकळं करा. हात आता पूर्वीसारखे चालत नाहीत.”

अण्णांनी जुडगा परत त्यांच्याकडे सरकवला. “आज दुपारी मी तुमच्याशेजारी बसतो. मग बोलू.”

लॅपटॉप २०१५ साली घेतलेला, लेनोवोचा थिंकपॅड टी-४५०. मेमरी ४ जीबी. अण्णा शेजारी कागद आणि घड्याळ घेऊन बसले. दिवाणजींची बोटे आकड्यांवरून सराईतपणे फिरत होती. नोंद पुरी होई, ते कळ दाबत आणि मग पडदा गोठून जाई. दिवाणजी हात मांडीवर घेऊन निमूट वाट पाहत. टॅलीतून ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर जाताना असेच, तिथून बँकेच्या खात्यावर येताना असेच. अण्णा प्रत्येक थांबा टिपत गेले. दोन तासांच्या कामात ३७ मिनिटे निव्वळ वाट पाहण्यात गेली होती.

कागद मुलापुढे ठेवून अण्णा म्हणाले, “माणूस कामात आहे, यंत्र बसून आहे. तू शिकलेला आहेस, आता मला कारण शोधून दे.”

मुलाने टास्क मॅनेजर उघडला. ऐन कामाच्या वेळी मेमरीचा वापर ९३ टक्के आणि हार्ड डिस्क १०० टक्के दिसत होती. प्रथमदर्शनी दोष डिस्कचा वाटावा असे ते चित्र. पण मेमरी अपुरी पडली की विंडोज त्यातील काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी पटींनी मंद असल्याने या ये-जा करण्यातच वेळ जातो. गादीपुढचे मेज लहान असले की प्रत्येक वहीसाठी उठून कपाटापर्यंत जावे लागते, तसाच हा प्रकार.

पैसा खर्च करण्याआधी त्याने एक चाचणी घेतली. टॅली आणि जीएसटीचे संकेतस्थळ एवढेच उघडे ठेवून बाकी सर्व बंद केले. मेमरीचा वापर ७१ टक्क्यांवर उतरला आणि डिस्क शांत झाली. कपाट ठीक होते, मेज अपुरे होते.

मग सर्व खिडक्या बंद ठेवूनच काम करावे, हाही एक मार्ग होता. अण्णांना तो पटला नाही. २०१५ मध्ये या यंत्रावर फक्त टॅली चालत असे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, २०१८ पासून ई-वे बिल आले, त्यानंतर बँकेचे व्यवहार आणि व्हॉट्सॲपवरील मागण्याही त्याच पडद्यावर आल्या. यांतले एकही काम हौसेचे नव्हते. नऊ वर्षांत उलाढाल अनेक पटींनी वाढावी आणि खेळते भांडवल मूळचेच राहावे, तशी यंत्राची अवस्था झाली होती. अशा वेळी बँक खातेदाराला अकार्यक्षम ठरवत नाही. ती आधी त्याची गरज मोजते.

मुलाने पुढची चौकशी केली. मेमरीचे दोन स्लॉट होते, त्यांपैकी एक रिकामा. १६ जीबीपर्यंत वाव होता. विंडोज ६४ बिट होते. ३२ बिट असते तर वाढवलेली मेमरी वापरताच आली नसती. या यंत्राला डीडीआर३एल जातीची, १.३५ व्होल्टची रॅम लागते. नवी डीडीआर४ त्यात बसतच नाही. काही लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते. तसे असते तर विचार तिथेच संपला असता. एक अडचण मात्र खरी होती. विंडोज १० चा मोफत सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि या यंत्रातील इंटेलचा पाचव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नव्हता. म्हणजे आज केलेला खर्च साधारण १८ महिनेच उपयोगी पडणार.

“मग नवाच घेऊ. संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो,” मुलगा म्हणाला.

“घसाऱ्यानं कर कमी होतो, गेलेला पैसा परत येत नाही,” अण्णा म्हणाले. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. ५५,००० रुपये कॅश क्रेडिटमधून उचलले तर दहा टक्क्यांनी १८ महिन्यांचे व्याजच ८,२५० रुपये होते. ८ जीबीची रॅम १,४०० रुपयांना मिळत होती. बिजागऱ्या घट्ट होत्या, कळफलक शाबूत होता, बॅटरी काम देत होती. या वस्तूही कुरकुरत असत्या, तर अण्णांनी हे १,४०० रुपयेही घातले नसते.

दिवाणजींनी टॅलीची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. दुरुस्तीवाल्याने आधी बायोसमधून आतली बॅटरी बंद केली, बाहेरची काढली, तळाचे झाकण उघडले आणि रिकाम्या स्लॉटमध्ये रॅम बसवली. अर्ध्या तासात ४ च्या ठिकाणी १२ जीबी झाले. सकाळी यंत्र सुरू व्हायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागत राहिला, कारण तो वेळ जुन्या डिस्कचा होता. एसएसडी बसवली असती तर तोही वाचला असता. पण लॅपटॉपचे बटण दाबून दिवाबत्ती करण्याचा दिवाणजींचा रिवाज होता. तेवढ्या अवधीत यंत्र तयार होई. त्या खर्चाची गरज कोणालाच भासली नाही.

त्या दुपारी अण्णा पुन्हा घड्याळ घेऊन बसले. दोन तासांत वाट पाहण्याची बेरीज चार मिनिटे झाली. मुलगा तो कागद बराच वेळ पाहत उभा होता. मग हलक्या आवाजात म्हणाला, “काका, माझं चुकलं. घड्याळ आधी यंत्राला लावायला हवं होतं.”

दिवाणजी हसले. “अहो, मलासुद्धा माझंच वय वाटत होतं.”

मार्चचे विवरणपत्र त्यांनी १७ एप्रिललाच भरले. किल्ल्यांचा जुडगा कमरेलाच राहिला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे नवा लॅपटॉप घ्यायची वेळ आली. मुलगा त्यांना बरोबर घेऊन दुकानात गेला. विक्रेता पडद्याची चमक आणि रंग यांचे वर्णन करत होता. दिवाणजींनी ते शांतपणे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि विचारले, “यात रॅमचा दुसरा स्लॉट मोकळा आहे का?”