हातांचें ऐकणें

कुंभाराचा आणि कानाचा संबंध महाराष्ट्रास फार पूर्वींपासून ठाऊक आहे. लातूरच्या पश्चिमेचें तेर हें गोरोबाकाकांचें गांव. जमलेल्या संतांच्या मस्तकांवर थापटणें मारून गोरोबांनीं कोण पक्का व कोण कच्चा हें पारखलें आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा कोणीं ऐकली नाहीं? मडकें वाजवून पाहावें, ही कुंभारवाड्यांतली रीतच त्या कथेच्या मुळाशीं आहे. आजहि उन्हाळ्याच्या तोंडीं लातूर-नांदेडच्या बाजारांत माठ घेणारी गृहिणी त्यास टिचकी मारून पाहते. आवाज खणखणीत आला तर दाम मोजते, बद्द आला तर माठ परत ठेवते.

मग ज्यास ऐकूंच येत नाहीं, त्यानें हें काम करावें कसें, आणि दुसऱ्यास शिकवावें तरी कसें? या विचारानें मीं एकदां टिचकी मारतांना दुसरा तळहात माठाच्या पोटाशीं धरून पाहिला. पक्क्या माठाचा कंप तळहातांत क्षणभर रेंगाळला. चिरलेल्या माठाचा तेथल्या तेथें विझला. नाद म्हणजे तरी कंपच. कानास तो हवेंतून भेटतो, हातास मातींतून. एवढाच काय तो भेद.

बारकाईनें पाहिलें तर कुंभारकामांत कानाचा अधिकार फार उशिरांचा आहे. आवा उतरल्यावर तो निकाल सांगतो. तेव्हां सुधारण्यासारखें कांहीं उरलेलें नसतें. त्यापूर्वींचें सारें काम हातांचें. एक हात बाहेरून थापटणें चालवितो, दुसरा आंतून दगडी गोळ्याचा आधार देत भिंतीची जाडी अजमावितो. आमच्याकडील काळी माती वाळतांना भेगाळते. माती मळतांना तींत राख वा लीद किती घालावी, हें कोणत्या शब्दांनीं सांगणार? बाप मुलाचीं बोटें मातींत धरतो आणि धडा पुरा होतो. ही विद्या मुळांतच मुकी आहे.

परंतु शहाण्या जगानें शिकविणें म्हणजे बोलणें, अशी व्याख्या करून ठेविली. १८८० सालीं इटलींतील मिलान शहरीं बधिरांच्या शिक्षणाचा विचार करण्यास परिषद भरली. सभासद जवळजवळ सारे ऐकूं येणारे! त्यांनीं खुणांची भाषा बाजूस सारून केवळ वाणीनें शिकवावें, असा ठराव केला आणि अनेक देशांतील बधिर शिक्षकांस आपल्या जागा सोडाव्या लागल्या. बधिरानें शिष्य व्हावें, गुरु होऊं नये, हाच त्याचा अर्थ. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला तो २०१० सालीं, व्हँकुव्हरच्या परिषदेंत. मध्यें १३० वर्षें गेलीं.

बधिराचा हात काय करूं शकतो, याचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. झेलम येथें १९२५ सालीं जन्मलेल्या सतीश गुजराल यांची श्रवणशक्ति बालपणींच गेली. १९४४ सालीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आले, १९५२ सालीं मेक्सिकोस गेले, आणि पुढें रंग, लांकूड व भाजलेली माती या तिन्हींत त्यांनीं काम केलें. १९९९ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. २०२० सालीं ते वारले. अशा माणसास "मुका-बहिरा" म्हणून कोपऱ्यांत बसविणारी घरें मात्र आमच्यांत अद्यापि आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यानें खुणांची भाषा जाणणारे शिक्षक नेमावे, व त्यांत दिव्यांग शिक्षकहि असावे, असें सांगितलें आहे. कायद्यानें दार उघडलें. आंत बोलावणें समाजाच्या हातीं आहे.

गोरोबांची दुसरी कथा येथें आठवते. माती तुडवितांना ते नामस्मरणांत इतके रंगले कीं, पायांखालीं आलेल्या स्वतःच्या तान्ह्याचें रडणें त्यांस ऐकूं आलें नाहीं. कान शाबूत होते; लक्ष दुसरीकडे होतें. गोरोबांचें लक्ष निदान विठ्ठलापाशीं होतें. आमचें कोठें आहे?