बापूजींची फियाट आणि सासूबाईंची सीट-कव्हरे



घरातल्या जुन्या वस्तूंचे काय करायचे, हा विषय आपल्यात दर दिवाळीला निघतो. पितळी डबे, जरीच्या साड्या, सागवानी पेटी. यावेळी वस्तू जरा मोठी आहे. मोटार!

धुळ्याला आमच्या जुन्या जिनिंगच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये १९९९ पासून बापूजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, फियाट उभी होती. बापूजी गेले, मुले पुण्या-मुंबईला गेली आणि शेडला कुलूप लागले. गेल्या वर्षी आवाराच्या वाटण्या ठरल्या, तेव्हा कुलूप काढावे लागले. घरात लगेच मते पडली. मोठे दीर म्हणाले, भंगारवाल्याला देऊन मोकळे व्हा. पुण्याचा पुतण्या म्हणाला, "काकू, हिची हॉट रॉड करू या." ह्यांचे म्हणणे, आधी चालू तरी होते का बघू. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्या काहीच बोलल्या नाहीत.

हॉट रॉड म्हणजे काय, हे मी पुतण्याकडूनच समजून घेतले. १९३०-४० च्या काळात अमेरिकेत कॅलिफोर्नियातली पोरे स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड गाड्या घ्यायची. मडगार्ड काढायची, छत कापून बुटके करायची, आत दमदार इंजिन बसवायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानावर शर्यती लावायची. फोर्डचे व्ही-८ इंजिन १९३२ मध्ये आले आणि या वेडाला जोर चढला. मला गंमत पुढची वाटली. त्याच कापलेल्या गाड्या आज कुणाच्या गोठ्यात-गोदामात सापडल्या, तर जाणकार त्यांना पुन्हा कंपनीतल्यासारख्या करत नाहीत. त्या पोरांच्या हातचे जोड, खरवडलेला रंग, सगळे तसेच जपतात. पेबल बीचच्या प्रतिष्ठित मोटार-प्रदर्शनात १९९७ पासून हॉट रॉडचा स्वतंत्र वर्ग आहे. म्हणजे जपायचे काय, तर कंपनीने बनवलेली गाडीच नव्हे, ती ज्यांच्याकडे राहिली त्यांचा हातही.

आमची गाडी १९७३ ची. कागदावर नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट', पण सगळे फियाटच म्हणत. १०८९ सीसीचे इंजिन, गिअर स्टिअरिंगपाशी. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, हिचे नाव 'पद्मिनी' झाले, तेही चित्तोडच्या राणीवरून. हिला बनवणारी प्रीमियर कंपनी १९४४ मध्ये काढली ती सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी, आपल्याच जैन समाजातल्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये त्यांची पहिली गाडी बाहेर पडली. पुढे फियाटसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट बघत. गाडी दारात आली की गल्लीत पेढे वाटले जात.

आता शेडमधली हकिकत. मागच्या सीटमध्ये उंदरीण व्याली होती. गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्ले. मेकॅनिक झाडू घेऊन पुढे झाला, त्याला थांबवले. दार किलकिले ठेवले, रोज लांबून नजर टाकली. बारा-तेरा दिवसांनी तिने बिऱ्हाड हलवले. तोवर चातुर्मास जवळ आला होता, म्हणून पुढचे काम कार्तिकी पौर्णिमेनंतर. गाडी पंचवीस वर्षे थांबली होती, चार महिने आणखी थांबली.

खानदेशच्या कोरड्या हवेने एक उपकार केला होता. कोकणात असती तर पत्रा चाळण झाला असता. इथे पत्रा टिकला होता, फक्त गळक्या पत्र्याखालच्या कोपऱ्यात गंज होता. रबर मात्र उन्हाने मेले होते. पाइप, फॅनबेल्ट, खिडक्यांचे रबर, टायर, सगळे तडकलेले.

मेकॅनिक जुना, धिम्या हाताचा. त्याने पहिलीच अट घातली, चावी फिरवायची नाही. बंद पडून राहिलेल्या इंजिनात पिस्टन धरून बसतात. बॅटरी लावून जोर केला तर आतले मोडते. त्याने स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडे थोडे तेल सोडले आणि आठवडाभर गाडीला हात लावला नाही. मग प्लग न लावताच गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून दोघांनी हळूहळू मागे-पुढे ढकलली. इंजिन फिरले. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता; टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर खोलला. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढते, त्यामुळे चाकांतले ब्रेक गंजून धरले होते, ते नवे केले. उंदरांनी कुरतडलेली वायर बदलली. शेवटी टाकीऐवजी बाटलीतून पेट्रोल देऊन गाडी चालू केली. आधी धूर, मग खोकला, मग तो आवाज. ओट्यावर बसलेल्या सासूबाईंनी पदर सावरला, जणू बापूजीच दारात आले.

तरीही निर्णय बाकीच होता. पुतण्याला मी कायदा वाचून दाखवला. कंपनीने ठरवलेल्या रचनेत मूलभूत बदल चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते, पण चासी, सांगाडा आणि इंजिन मूळचे हवे. शिवाय तशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. आम्हाला सासूबाईंना बळसाण्याला विमलनाथांच्या दर्शनाला न्यायचे होते. म्हणून साधे नूतनीकरण निवडले. आधी फॉर्म ३१ भरून वारसाने नाव बदलले, मग फॉर्म २५, तपासणी आणि पर्यावरण कर. नूतनीकरण पाच वर्षांचे मिळते.

पुतण्या हॉट रॉडवरून उतरला तो थेट दुसऱ्या टोकाला. "मग काकू, अगदी शोरूमसारखी करू. नवा रंग, मूळचे रेक्झिन. ही फाटकी कव्हरे काढून टाकू, ती काही कंपनीची नाहीत."

तेव्हा सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. "ती मी शिवलीत."

मैत्रिणींनो, वैशाखात धुळ्याचे ऊन कसे असते, सांगायला नको. रेक्झिन इतके तापायचे की मागे बसवत नसे. मागे बसायच्या त्या बायका आणि मुलेच. पुढची जागा पुरुषांची. म्हणून सासूबाईंनी मिलचे जाड पट्ट्यापट्ट्यांचे कापड आणून पायमशीनवर कव्हरे शिवली होती, तान्ह्याची दुधाची बाटली ठेवायला कडेला खिसासुद्धा. कंपनीच्या यादीत ती नाहीत. त्या गाडीत घरच्या बाईचे एवढेच होते.

पुतण्या गप्प झाला. मग त्यानेच आठवण काढली, अमेरिकेत पोरांच्या हातचे जोड जपतात ते!

कव्हरे रिठ्याच्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवली. उंदरांनी खाल्लेल्या जागी रफू केले. आतला काथ्या नवा घातला. रंगही सगळा काढला नाही, गंजापुरताच लावला.

मी कॉमर्सची. घसाऱ्याच्या दोन पद्धती आपण शिकलो. सरळ पद्धतीत वस्तूची किंमत ठरलेल्या वर्षी शून्य होते. घटत्या शिल्लक पद्धतीत दरवर्षी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. मोठ्या दिरांना मी एवढेच सांगितले. ते हसले आणि वाटणीच्या कागदावर गाडीपुढे 'सामाईक' लिहिले.

तुमच्याकडेही अशी गाडी उभी असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, ते जुन्या रबराला सोसत नाही आणि पाणीही ओढते. म्हणून पाइप नव्या जातीचे बसवा आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका. दुसरे, पंधरा दिवसांतून एकदा गाडी फिरवाच.

पौषात आम्ही बळसाण्याला जाऊन आलो. ह्यांनी पुढचे दार उघडले. सासूबाई म्हणाल्या, "नको, मागेच बसते. माझी जागा तीच." मला वाटले होते, त्यांना एकदा तरी पुढे बसायचे असेल. त्या मागे बसल्या आणि वाटभर खिशाच्या शिवणीवर बोट फिरवत राहिल्या. त्यांच्या मनात काय होते, ते मी विचारले नाही.

जय जिनेंद्र.