गाडी कुठवर आली?

रिपोर्टात काय आलं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचताना तुमचा सगळा जीव शेवटाकडे लागून राहील. कॅन्सर निघाला नाही. पण ‘काही नाही’ असंही निघालं नाही. पेशी बिघडायला लागल्यात, मध्यम प्रमाणात, असं मधलंच काहीतरी निघालं. चट्टा काढून टाकायचा आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला जायचं. मला सांगायचंय ते त्याआधीच्या अकरा दिवसांचं.

गेल्या भाद्रपदात दाढ ठणकली म्हणून गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दाढ राहिली बाजूला. आरशाने डावा गाल ओढून त्या आत बघत राहिल्या. तीस वर्षं मी तिथेच बार धरत आलो. पांढरा चट्टा होता म्हणे, मधे लालसर. “काका, तीन बोटं उभी घाला बघू तोंडात.” दोन गेली, तिसरं अडलं. त्यांनी चिठ्ठी लिहिली, पाकीट चिकटवलं, वर ‘तातडीचे’ असं लिहिलं आणि उद्याच मिरजेला जा म्हणाल्या. कॅन्सर हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. पण पाकीट चिकटवलं, तेव्हाच मला कळलं. साध्या चिठ्ठ्या हातात उघड्याच देतात.

मिरजेच्या सर्जननी गाल बधिर करून मसुराएवढा तुकडा काढला, दोन टाके घातले, तुकडा एका बाटलीतल्या औषधात सोडला. “सात-आठ दिवसांत रिपोर्ट येईल. तोवर तंबाखू बंद.” मग चष्म्यावरून बघून म्हणाले, “तोवर नव्हे. कायमची.”

इथे माझी खरी पंचाईत झाली. मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. वाट बघण्यात माझा जन्म गेला आणि वाट बघायची मला एकच रीत ठाऊक. घाटात गाडी बंद पडली, मळा तंबाखू. रेल्वेचं फाटक पडलं, मळा. वे-बिलावर सही करायला साहेब जागेवर नाहीत, मळा. डाव्या तळहातावर चिमूट, नखाने चुना, अंगठ्याने घासायचं, दोन थापट्या मारून धूळ उडवायची. पाच मिनिटं यात जातात, पुढची वीस गालात. आता आयुष्यातली सगळ्यात लांब वाट बघायची होती, ती तंबाखूपायीच, आणि तीच नेमकी तंबाखूशिवाय. सडलेल्या तोंडाची चित्रं पुडीवर मी रोज हाताळली होती. २०१६ पासून तर ती पुडीच्या ८५ टक्के भागावर छापतात. मी पुडी डबीत ओतायचो आणि कागद लगेच गटारात टाकायचो. चित्र बघायला नको म्हणून डबी, एवढा मी हुशार.

पहिले तीन दिवस डोकं ठणकलं, भांडणं झाली. जीभ सारखी टाक्यांवर जायची. सुनेने मोबाइलवर बघून सांगितलं, असे चट्टे बहुतेकांचे कॅन्सरचे नसतात. तिचं खरंच होतं. पण रात्री दोन वाजता त्या बहुतेकांच्या यादीत आपलं नाव आहे का, हे कोण सांगणार? शेजारच्यांनी पितृपंधरवड्यात चिरफाड केली म्हणून बोल लावला. एका पाव्हण्याने त्याच्या मेहुण्याचा अर्धा जबडा कसा काढला ते चहा पिता पिता साग्रसंगीत सांगितलं. त्यानंतर कुणी विचारलं की मी ‘दाढ काढली’ एवढंच म्हणायचो.

उपयोगी पडल्या त्या शेंगा. भुईमूग काढणीचे दिवस होते. बायकोने काही न बोलता अर्धं पोतं पुढ्यात आणून ओतलं. अंगठ्याला काम मिळालं. ती स्वतः सकाळी उठून चुलीजवळ मिश्री लावत बसायची, गेली चाळीस वर्षं. ते मला तेव्हा दिसलं, पण मी कुठल्या तोंडाने बोलणार?

आठव्या दिवशी फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, “आला की कळवू.” नवव्या दिवशी पुन्हा. “सांगितलं ना काका, आला की कळवू.” हा आवाज माझ्या ओळखीचा होता. तो माझाच होता. स्टँडवर बाया विचारायच्या, “मास्तर, गाडी कधी यायची?” आणि मी तंबाखू मळत, वर न बघता सांगायचो, “येईल तेव्हा येईल.” एखादी म्हातारी मात्र चिवट असायची. “कधी यायची ते नका सांगू, तासगाव सोडलंय का एवढं सांगा.” मला तेव्हा तिचा राग यायचा. तासगाव सोडलं काय न सोडलं काय, गाडी काय लवकर येणार आहे?

दहाव्या दिवशी सकाळची गाडी धरून मिरजेला गेलो. रिपोर्ट मागायला नाही, तुकडा कुठवर आला ते विचारायला. लॅबच्या खिडकीतल्या पोराला हा प्रश्न कुणी केला नसावा. तो हसला आणि बाहेर आला. म्हणाला, तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये मुरवतात, नाहीतर तो कुजतो. मग स्पिरिटात घालून त्यातलं पाणी काढायचं, वितळलेल्या मेणात भिजवायचा आणि त्याची वडी पाडायची. त्या वडीचे केसाहूनही कितीतरी पातळ काप काचेवर घ्यायचे, निळा-गुलाबी रंग द्यायचा, मग मोठे डॉक्टर दुर्बिणीखाली बघणार. “तुमचं तर बघून झालं होतं. पण सरांनी वडीचे आणखी खोल काप मागितलेत.”

“म्हणजे वाईट?”

“म्हणजे नीट बघायचंय.”

परतीच्या गाडीत मला झोप लागली. दहा दिवसांत पहिल्यांदा. हातात काही मिळालं नव्हतं, उलट एक दिवस वाढलाच होता. घरी आल्यावर बायकोने विचारलं, “कुठं आलंय?” मी म्हटलं, “वडीतनं काचेवर आलंय.” तिने मान डोलावली, जणू तासगाव सोडल्याचं सांगितलं होतं.

रिपोर्ट घ्यायला दोघं गेलो. सर्जननी कागद दोनदा वाचला, मग तो मधला निकाल सांगितला, चट्टा काढायची तारीख दिली. मी उठलो. त्यांची नजर बायकोकडे गेली. दातांकडे.

“काकू, मिश्री लावता?”

ती माझ्याकडे बघायला लागली.

“बसा खुर्चीत. आलाच आहात तर बघून घेऊ.”

दिवा तिच्या तोंडावर फिरला. मी बाहेरच्या बाकावर बसलो, तिची पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीत वाटेत खायला घेतलेल्या शेंगा होत्या. एक एक करून फोडत राहिलो.