आमचा हलका कोणता?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत तारीख आणि शहरियत, म्हणजे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. मतदारसंघाला उर्दूत ‘हलका-ए-इंतिखाब’ म्हणतात. बोलताना नुसते ‘हलका’. हलका म्हणजे कडे, वर्तुळ, गोल करून बसलेली माणसे. आमच्या मुलांना मराठीच्या तासाला दुसराच ‘हलका’ भेटतो, वजनाने कमी असलेला. दरवर्षी कुणीतरी हात वर करून विचारतेच, की यातला खरा कोणता? आम्ही दोन्ही अर्थ फळ्यावर लिहितो आणि सांगतो, दोन्ही लक्षात ठेवा, मोठे झाल्यावर दोन्ही उपयोगी पडतील.

आमचे आजोळ गडहिंग्लजचे. आमचे नाना आपली ओळख सांगताना नाव, गाव आणि त्यापाठोपाठ मतदारसंघ सांगत. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या जिल्ह्यातल्या माणसांनी मुंबईच्या विधानसभेसाठी मत दिले. नाना तेव्हा लहान होते, पण त्यांच्या वालिदांनी शाईचे बोट आठवडाभर मिरवले होते, हे ते अभिमानाने सांगत. मत देणे ही त्यांच्या लेखी ईदच्या नमाजसारखी गोष्ट होती. त्या दिवशी ते धुतलेले कपडे घालत, अत्तर लावत.

२००८ साली आम्ही नुकते कॉलेजात गेलो होतो. त्या वर्षी वर्तमानपत्रात बातमी आली, की गडहिंग्लज मतदारसंघ राहिला नाही. नानांनी ती दोनदा वाचून घेतली आणि म्हणाले, ‘‘आमदार गया तो दूसरा आता. हलकाच गया तो क्या करना?’’ आम्ही हसलो. आमच्याकडे याचे उत्तर नव्हते. आता मुलांना शिकवायचे म्हणून ते उत्तर शोधावे लागले आहे.

झाले होते ते असे. २००२ च्या कायद्याने देशभरच्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेसाठी परिसीमन आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. आधार होता २००१ च्या जनगणनेचा. १९ फेब्रुवारी २००८ पासून नव्या सीमा लागू झाल्या आणि महाराष्ट्रात २००९ च्या निवडणुका त्यांवरच झाल्या. राज्याच्या जागा २८८ होत्या, त्या तेवढ्याच राहिल्या. फक्त त्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या १२ होत्या, त्या १० झाल्या. ठाणे जिल्ह्याच्या १३ होत्या, त्या २४ झाल्या.

सांगरूळ, पन्हाळा, वडगाव आणि गडहिंग्लज ही नावे यादीतून गेली. कोल्हापूर शहराच्या एका मतदारसंघाच्या जागी कोल्हापूर उत्तर आणि कोल्हापूर दक्षिण आले. हातकणंगले हा अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला नवा मतदारसंघ आला. लोकसभेचा इचलकरंजी मतदारसंघ जाऊन त्या ठिकाणी हातकणंगले आला, आणि त्यात सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर व शिराळाही जोडले गेले. गडहिंग्लज तालुका कागल आणि चंदगड यांच्यात वाटला गेला. आजरा राधानगरीकडे गेला, तर त्याच तालुक्यातले उत्तूर कागलकडे. आमची एक खाला उत्तूरला आणि दुसरी नेसरीला. दोघींचे बाजार, दवाखाने, सोयरिकी एकाच गडहिंग्लजात. पण २००९ पासून एक कागलची मतदार आणि दुसरी चंदगडची.

यात एक गोष्ट मुलांना फार आवडते. त्या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते बाबासाहेब कुपेकर, आणि ते निवडून आले होते याच गडहिंग्लजमधून. सारे सभागृह ज्यांच्या परवानगीने बोलते, त्यांचाही मतदारसंघ या पुनर्रचनेतून वाचला नाही. २००९ ला ते चंदगडमधून उभे राहिले आणि निवडून आले. आयोगाच्या आदेशाला कायद्याचे बळ असते. तो लोकसभेत आणि विधानसभेत मांडला जातो, पण तिथे त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. आमदार-खासदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मत देण्याचा अधिकार नसतो. ही तरतूद का, हे समजावताना आम्ही १८१२ सालच्या अमेरिकेत जातो. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याच्या काळात पक्षाच्या सोयीसाठी एक मतदारसंघ असा वेडावाकडा आखला गेला, की लोकांना तो सॅलमँडर या प्राण्यासारखा दिसला. गेरी आणि सॅलमँडर जोडून तिथे ‘गेरीमँडर’ हा शब्दच तयार झाला. राज्य करणाऱ्यांच्या हाती नकाशाची पेन्सिल दिली की काय होते, ते त्या एका शब्दात साठवले आहे.

मग आम्ही फळ्यावर भागाकार मांडतो. २००१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजार ६२७ होती. तिला २८८ ने भागले, की एका आमदारामागे साधारण ३ लाख ३६ हजार ३८४ माणसे येतात. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३५ लाख २३ हजार १६२. तिला त्या सरासरीने भागले, की येतात १०.४७. ठाण्याचे ८१ लाख ३१ हजार ८४९ भागले, की येतात २४ आणि वर थोडेसे. १२ च्या १० का झाल्या आणि १३ च्या २४ का झाल्या, हे कुणाच्या कारस्थानाशिवायही कळते.

एकदा आठवीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, वरचा ०.४७ आमदार कुठं गेला?’’ वर्ग हसला. आम्ही मात्र तिला पुढे बोलावून गणित पुढे करायला लावले. १० जागांची माणसे वजा केल्यावर १ लाख ५९ हजार ३२२ माणसे उरली. ती कुठेही गेली नाहीत. ती दहा मतदारसंघांत वाटली गेली. म्हणून आमच्या जिल्ह्यात एका आमदारामागे राज्याच्या सरासरीपेक्षा सुमारे १६ हजार माणसे जास्त आली. ती मुलगी खडू ठेवून म्हणाली, ‘‘म्हणजे आमचं मत थोडं हलकं झालं.’’ त्या दिवशी मराठीचा अर्थ नागरिकशास्त्राच्या तासाला कामी आला.

खरे तर हे वजन त्याआधी तीस वर्षे उलट्या बाजूने झुकलेले होते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली. त्यानंतर चंदगड, आजरा, गडहिंग्लजची माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, तिथून पुढे ठाणे-कल्याणकडे सरकली. तिथल्या वस्त्या फुगल्या, पण आमदार मात्र जुन्याच हिशेबाने. आमच्या मामूंचे बिऱ्हाड तिकडेच आहे. त्यांच्या एका मताची किंमत गडहिंग्लजच्या मतापेक्षा कितीतरी कमी होती, आणि हे नानांच्या कधी ध्यानात आले नाही. आम्ही आता मनात म्हणतो, नाना, हलका चोरीला गेला नाही. तो आपल्याच पोरांच्या मागे गाडीत बसून गेला.

पण हिशेब बरोबर आला म्हणून सारेच बरोबर झाले, असे आम्ही मुलांना सांगत नाही. कोणाला किती जागा, हा भागाकार झाला. रेघ कोणत्या गल्लीतून जाते, हा भागाकार नाही. तिथे माणसाचा हात असतो, आणि जिथे हात असतो तिथे शंका असते. आपल्या समाजात ही शंका जुनी आहे. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात दाखवून दिले, की उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमध्ये मुस्लिम वस्ती मोठी असलेले काही मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाले, तर दलित वस्ती त्याहून जास्त असलेले काही खुले राहिले. समितीने रचनेची पद्धत अधिक तर्कशुद्ध करावी, अशी शिफारस केली. हे सांगताना आम्ही एक वाक्य मुद्दाम जोडतो: ही तक्रार राखीव जागांबद्दल नाही. महाराष्ट्रात २००८ ला अनुसूचित जातींच्या जागा १८ वरून २९ झाल्या, तो त्यांचा हक्क होता. शाहू महाराजांच्या गावात राहून आम्ही दुसऱ्याचे ताट ओढून आपली भूक सांगणार नाही. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग त्यांनी १९०६ साली ज्या भावनेने उभे केले, त्याच भावनेने इतरांचीही वसतिगृहे उभी केली होती.

आमच्या जिल्ह्यात मुसलमान सात टक्क्यांच्या आसपास. पेठांत, गल्ल्यांत, गावाच्या कडेला विखुरलेले. मालेगावसारखी गोष्ट इथे नाही, की शहर मध्यावर कापले आणि एक मुस्लिमबहुल मतदारसंघ हाती आला. कोल्हापूरचा नकाशा कुणीही, कसाही आखला तरी आपल्या बहुमताचा एकही हलका त्यातून निघणार नाही. काही बांधव हे ऐकून खट्टू होतात. आम्ही त्यांना कागलकडे बोट दाखवतो. हसन मुश्रीफ १९९९ आणि २००४ ला जुन्या कागलमधून निवडून आले. २००९ ला मतदारसंघ बदलला, गडहिंग्लज आणि उत्तूरचा भाग आला, तरी २००९, २०१४, २०१९, २०२४ असे पुन्हा चार वेळा निवडून आले. त्यांचे राजकारण कुणाला पटो न पटो, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण हजारो मराठा, लिंगायत, धनगर, दलित मतदारांनी सहा वेळा मुश्रीफ या नावाला मत दिले, एवढे तरी नोंदवून ठेवले पाहिजे.

याची दुसरी बाजूही आम्ही लपवत नाही. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी १० आमदार मुसलमान निवडून आले. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातली आपली लोकसंख्या साडेअकरा टक्के. हाही भागाकार मुले लगेच करतात आणि गप्प बसतात.

१९०९ च्या कायद्याने इंग्रजांनी मुसलमानांना वेगळे मतदारसंघ दिले होते. तिथे रेघ जमिनीवर नव्हती, माणसांच्या मधून होती. मुसलमानाने मुसलमानालाच मत द्यायचे. घटनेच्या ३२५ व्या कलमाने ती रेघ पुसली आणि धर्म, जात न पाहता एका मतदारसंघाची एकच यादी केली. पुढे फाळणीपर्यंत काय झाले, हे ठाऊक असणाऱ्या पिढीने सांगितलेले शहाणपण त्यात आहे. तेव्हा आजची रेघ वाकडी असेल तर ती सरळ करा म्हणून भांडावे. पण ती पुन्हा माणसांमधून जावी, असे आम्हाला तरी वाटत नाही.

आणि भांडायचे तर त्याची जागा माहीत हवी. आम्ही शिक्षक, त्यामुळे बीएलओचे काम आमच्याच गळ्यात. यादी घेऊन गल्लीत फिरताना दिसते, की मत सीमेवर हरवते त्यापेक्षा जास्त यादीत हरवते. शिकलगारचे ‘शिकलकर’ झालेले असते, खतिजाची ‘कतीजा’. लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव माहेरी तसेच, सासरी नाहीच. एका घरात तर पाच माणसे आणि तीन वेगवेगळे यादी भाग. दुरुस्तीचा अर्ज असतो म्हटले की म्हातारी म्हणते, ‘‘बाबा, तूच लिख दे.’’ तिचा मुलगा उर्दू सातवी झालेला, नातू इंग्रजी शाळेत. मराठीत अर्ज लिहिणारे घरात कुणी नाही.

पुनर्रचनेचेही असेच. आयोग आधी मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो आणि मगच आदेश काढतो. आदेशानंतर ओरडून उपयोग थोडा. बोलायची वेळ असते ती त्या थोड्या दिवसांत, आणि बोलायची भाषा इथे मराठी असते. २००८ च्या आधी मसुदा छापून आला होता तेव्हा आमच्या मोहल्ल्यात त्याची चर्चा झाल्याचे कुणालाच आठवत नाही. कट्ट्यावर तेव्हा बगदाद आणि कंदाहारची चर्चा होती.

पुढची पुनर्रचना केव्हातरी येणारच. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने गोठवण २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली, २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांच्या एक तृतीयांश जागाही पुनर्रचनेशी बांधल्या, आणि १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून जनगणना करण्याची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. म्हणून आम्ही नववीच्या मुलांना मराठीच्या अर्जलेखनात एक नवा विषय दिला: ‘मतदारसंघाच्या मसुद्यावर हरकत नोंदवा.’ बहुतेकांनी आपली गल्ली तोडू नका, असे लिहिले. एका मुलाने मात्र सीमेबद्दल काहीच मागितले नव्हते. त्याने लिहिले होते, ‘मसुदा चावडीवर, मशिदीच्या फळ्यावर आणि मंदिराच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत लावावा, व हरकतीची शेवटची तारीख लाल शाईने लिहावी, ही विनंती.’ दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. ते दुरुस्त करून आम्ही त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.